विश्लेषण : सर्व्हर आपोआप सुरू झाला, तर ऑडिटरला सही कुणाची दाखवायची?

रिसोड असो वा कारंजा, सोयाबीनचे पैसे काढायला बँकेत गेलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, थांबा’ हे वाक्य नवे नाही. सर्व्हर बंद का पडला, यावर रांगेत चर्चा होते. तो परत सुरू कसा होतो, हे मात्र कुणी विचारत नाही. खातेदाराचा खोळंबा किती वेळ चालणार, हे तिथेच ठरते. आयटी विभाग आणि ऑडिटर यांच्यातला जुना वादही तिथलाच आहे.

सर्व्हर ‘सुरू करणे’ म्हणजे काय?

घरचा कॉम्प्युटर बटण दाबले की सुरू होतो. बँकेत एकच यंत्र नसते. आधी स्टोरेज आणि नेटवर्क, मग सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळवणे, मग डेटाबेस, त्यानंतर कोअर बँकिंगचे सॉफ्टवेअर आणि सर्वांत शेवटी एटीएम, यूपीआय, एसएमएसची जोडणी, असा क्रम लागतो. आतले काम पूर्ण होण्याआधी बाहेरची जोडणी उघडली, तर ‘पैसे कापले, पण पोहोचले नाहीत’ अशा तक्रारींना सुरुवात होते.

अनेक ठिकाणी हा क्रम एका छापील कागदावर असतो, किंवा एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात. तो दिवाळीला गावी गेला की व्हेंडरला फोन लावणे एवढाच उपाय उरतो.

मग स्क्रिप्ट का लिहीत नाहीत?

लिहितात. लिनक्समध्ये ‘सिस्टिमडी’ नावाची व्यवस्था याच कामासाठी आहे. पण त्यात एक मेख आहे. ‘हे त्याच्यानंतर सुरू कर’ आणि ‘ते नसेल तर हे सुरूच करू नको’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. फक्त पहिली लिहिली, तर डेटाबेस उभा राहिला नाही तरी पुढचे सॉफ्टवेअर सुरू होऊ शकते. शिवाय ‘सुरू झाला’ म्हणजे ‘कामाला तयार झाला’ असेही नाही. म्हणून चांगली स्क्रिप्ट प्रत्येक पायरीवर एखादी चाचणी घेते आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नाही.

ऑडिटरचा आक्षेप नेमका कशाला?

बँकेतल्या माणसाला ‘मेकर-चेकर’ समजावून सांगावे लागत नाही. व्हाउचर एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे. चेंज कंट्रोल म्हणजे हाच नियम सर्व्हरला लावणे : बदल कुणी मागितला, कुणी मंजूर केला, कुणी तपासला, बिघडले तर मागे कसे यायचे. पहाटे तीन वाजता स्क्रिप्ट सर्वाधिकार असलेल्या खात्यातून चालली, तर यातले नाव कुणाचे?

हा प्रश्न नुसत्या कागदोपत्री हौसेचा नाही. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधील वीज गेली आणि ऑनलाइन सेवा कोलमडल्या. आधीही अशा घटना घडल्या असल्याने २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने नवी क्रेडिट कार्डे देणेच थांबवले. ती बंदी ऑगस्ट २०२१ पर्यंत राहिली. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे सायबर सुरक्षेचे नियम २०१८ पासून लागू आहेत. अकोला आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत काम करणाऱ्या अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसारख्या बँकांची तपासणी नाबार्ड करते.

आणि आपोआप होणाऱ्या गोष्टींची भीती खोटी नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाइल जगभर आपोआप पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. कंपनीने ती फाइल सुमारे दीड तासात मागे घेतली, पण अडकलेली बहुतेक यंत्रे माणसांनी एकेक करून सोडवली. ही फाइल ‘सॉफ्टवेअर’ नव्हे, ‘माहिती’ समजली जात होती. त्यामुळे ती टप्प्याटप्प्याने सोडलीच नव्हती.

तरी रजिस्टर पुरेसे का नाही?

कारण रजिस्टरमधली सही फक्त ‘सकाळी ६.१० ला सर्व्हर सुरू केला’ एवढेच सांगते. कोणती कमांड टाइप केली, कोणती पायरी विसरली, ती सही दुपारी चहा पिताना केली का, यातले काही ती सांगत नाही. स्क्रिप्टची नोंद हे सगळे सेकंदासह सांगते. पुरावा म्हणून ती रजिस्टरपेक्षा सरस आहे, आणि हे आयटी विभागाने ऑडिटरला पटवून द्यायला हवे. सहसा तो ‘तुम्हाला तांत्रिक कळत नाही’ म्हणून मोकळा होतो.

तोडगा फार महागही नाही. स्क्रिप्ट चालणे म्हणजे बदल नव्हे. स्क्रिप्टमधली ओळ बदलणे म्हणजे बदल. ओळ बदलायची तर पूर्ण मंजुरी घ्यावी, रोज चालवायला एकदाच दिलेली मंजुरी पुरावी. मंजूर प्रतीचा डिजिटल ठसा नोंदवून ठेवावा आणि सुरू होताना तो जुळला नाही तर काम तिथेच थांबावे. नोंदी अशा दुसऱ्या सर्व्हरवर जाव्यात, जिथे आयटीवाल्यालाही खाडाखोड करता येणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे. दोन माणसांच्या आयटी विभागात चेकर आणायचा कुठून? त्यातला एक तर स्क्रिप्ट लिहिणाराच. इथे व्हेंडरच्या अभियंत्याने लिहावे आणि बँकेच्या माणसाने वाचून मंजूर करावे, असा करार करता येतो. त्यासाठी स्क्रिप्ट आणि नोंदी दोन्ही बँकेच्या ताब्यात हव्यात.

सगळेच आपोआप करावे का?

नाही. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीची जोडणी तोडली. तिथे रॅन्समवेअर शिरले होते आणि तिच्या यंत्रणेवर चालणाऱ्या सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. तपासणीनंतरच जोडणी पूर्ववत झाली. अशा वेळी सर्व्हर आपोआप उठून बाहेरच्या जगाशी बोलू लागला, तर ती सोय नव्हे, संकट ठरेल.

म्हणून वीज गेली, देखभालीसाठी बंद केला, अशी कारणे माहीत असतील तेव्हा स्क्रिप्टने डेटाबेस आणि कोअर बँकिंगपर्यंत खुशाल जावे. कारण कळले नसेल, तर पहिल्याच पायरीवर थांबून माणसाला फोन करावा. आणि दोन्ही वेळी एटीएम-यूपीआयचे दार दोन अधिकाऱ्यांनी आपापल्या लॉगिनने उघडावे. सही हवीच असेल, तर ती इथे घ्यावी.