भूजलाची नोंद गावाच्या हाती हवी

भूगर्भातील पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या वाटपातील अन्यायही दिसत नाही. नदीचे पाणी कोणी अडवले तर गाव गोळा होते. शेजारच्या शेतातील खोल बोअरमुळे अल्पभूधारकाच्या विहिरीचा तळ उघडा पडला, तर दोष मात्र पावसाच्या माथी मारला जातो. हा अन्याय उजेडात आणावयाचा, तर पाण्याच्या पातळीची वर्षानुवर्षांची नोंद हवी.

ही नोंद शासनाकडे आहे. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ऑक्टोबरमधील पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधला जातो. टँकरची सोय करण्यास एवढे पुरेसे असेल. परंतु पातळी दरवर्षी थोडी थोडी खालावत गेली, तर ती सरासरीही तिच्यामागून खाली उतरते आणि कालची आपत्ती आज सर्वसाधारण ठरते. शिवाय उघडी विहीर कोरडी पडली की तेथील मोजणी संपते. बोअरचा उपसा मात्र त्याखाली चालूच राहतो.

वर्धा जिल्ह्यात तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसला आहे. या पाषाणात पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यातून उपशाला मिळणारे पाणी एकूण आकारमानाच्या शेकडा एक ते तीन भाग इतकेच असते. हे प्रमाण दोन टक्के धरले, तर विहीर पाच मीटर चढली तरी खडकात साठलेल्या पाण्याची जाडी अवघी दहा सेंटीमीटर भरते. अशी विहीर लवकर भरते व लवकरच आटते. म्हणून ऑक्टोबरमधील भरल्या विहिरीवर समाधान मानणे भाबडेपणाचे आहे. खरा हिशेब मे महिन्यात कळतो, आणि तोही वीस-तीस वर्षांचे आकडे शेजारी मांडले तरच.

या घसरणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याजवळ भांडवल आहे तो आणखी खोल जातो. कापूस-तुरीवर जगणारा कोरडवाहू शेतकरी मागे राहतो, आणि भूमिहीन मजुराच्या वाट्याला हंडा घेऊन चालणे येते. आर्वी, आष्टी, कारंजाकडील संत्राबागांचे मालक आपले शत्रू नव्हेत. त्यांच्यातलेही अनेक कर्ज काढूनच बोअर मारतात. शत्रू आहे ती 'जमीन ज्याची, पाणी त्याचे' ही व्यवस्था. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तिला आधार दिला. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने, जो २०१४ मध्ये अमलात आला, साठ मीटरांहून खोल विहिरींना बंदी घातली. परंतु मोजणी गावाच्या हाती नसेल, तर या बंदीचा जाब कोण विचारणार?

श्रमशक्ती कमी नाही. आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या गावाने २०१७ मध्ये श्रमदानाच्या बळावर वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. परंतु अडवलेले पाणी उपसावे कोणी, हा प्रश्न श्रमदानाने सुटत नाही. त्याचे उत्तर १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात दिले होते: पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणशी वाटावे, भूमिहीनालाही त्यात हक्क असावा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या पाणलोटातील निरीक्षण विहिरींचे जुने आकडे मागून घ्यावेत व ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. दोरी आणि टेप घेऊन गावातील निवडक विहिरी दरमहा मोजाव्यात. आणि जानेवारीतील पातळी पाहून उन्हाळी पिकांचा व पिण्याच्या पाण्याचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा. मोजमाप सरकारी कपाटात राहिले तर ती केवळ आकडेवारी. ते चावडीवर आले, तर लोकांच्या हक्काचे हत्यार होईल.