'याऐवजी ते' चालेल, पण ते कशाचं?



आपल्या बिनअंड्याच्या केकच्या वह्या लेकीसुनांबरोबर अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या दुकानात अडल्या. कारण आपली केकची भाषा इंग्रजांची: कॅस्टर शुगर, आयसिंग शुगर, कॉर्नफ्लोअर. मग कोणीतरी 'याऐवजी ते घ्या' असा तक्ता ग्रुपवर टाकतं आणि सगळ्याजणी तो पुढे ढकलतात. मला त्या तक्त्याचा राग येतो. तो चव जुळवतो, पोत जुळवतो. वस्तू कशापासून झाली हे विचारतच नाही.

काही अदलाबदल सरळ आहे. आपलं कॉर्नफ्लोअर म्हणजे तिथलं कॉर्नस्टार्च. तिथल्या सेल्फ-रायझिंग पिठात मीठ असतंच, वरून घालू नका. इथवर ठीक.

पण डायजेस्टिव्ह बिस्किटांऐवजी ग्रॅहम क्रॅकर्स सांगतात, त्यांत बऱ्याचदा मध असतो. गोल्डन सिरपऐवजीही खुशाल मध सुचवतात, मक्याचं कॉर्न सिरप समोर असताना! व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये तर अमेरिकेच्या नियमानेच किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. 'ओव्हनमध्ये उडून जातं गं' हे मला सांगू नका. मद्य, मांस, मधाचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. बिनअल्कोहोलचं व्हॅनिला मिळतं, तेवढं शोधायचं.

खरा घोळ साखरेचा. कॅस्टर म्हणजे सुपरफाइन, आयसिंग म्हणजे पावडर्ड, हे तक्ता बरोबर सांगतो. मात्र तिथले काही कारखाने उसाची साखर जनावरांच्या हाडांच्या कोळशातून गाळतात. यावर व्हीगन मंडळींचा उपाय म्हणजे बीटची साखर. तिला तो कोळसा लागत नाही. त्यांचं भागलं. बीट आपल्यासाठी कंदमूळ, त्याचं काय? आणि पाकिटावर 'केन' लिहिलेलं नसेल तर आतली साखर बीटची असू शकते. म्हणून प्रमाणित ऑरगॅनिक उसाची साखर घ्यावी, तिला हाडांचा कोळसा चालत नाही. मिक्सरमध्ये फिरवली की कॅस्टर झाली. चमचाभर कॉर्नस्टार्च घालून अजून बारीक केली की आयसिंग. यात अवघड काय आहे?

'एवढा कीस काढला तर परदेशात राहायचं कसं?' असं आपल्याच बायका म्हणतात, त्याचं जास्त वाईट वाटतं. त्यांनी कस्टर्ड पावडरीचा विचार करावा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून १८३७ मध्ये त्याने कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. 'थोडं चालवून घे' असं तो तिला म्हणाला नाही. एका बाईच्या प्रकृतीसाठी एवढं होतं, आणि आपण व्रतासाठी पाकिटाची मागची बाजू वाचायची नाही?

तक्ता पाठवायचाच तर त्यात 'कशापासून' असा तिसरा रकाना घाला. कस्टर्ड पावडर तिथल्या भारतीय दुकानांत मिळते. परवा आलेल्या तक्त्यात तिच्यापुढे लिहिलं होतं: अंड्याचा पिवळा बलक.