यंत्राआधी वही

मुंबईच्या उपनगरात, कालिन्याच्या विद्यापीठ आवारात, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी पंतप्रधानांनी वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेचे उद्घाटन केले. जिथे कापसाचे शेत औषधालाही सापडणार नाही, तिथल्या या संस्थेने जी कामे हाती घेतली त्यांत एक आपल्या कापसाचे निघाले. कामगंध सापळ्यातले पतंग कागदावर ओतायचे आणि मोबाईलने फोटो काढायचा. गुलाबी बोंडअळीचे पतंग किती, अमेरिकन बोंडअळीचे किती, हे यंत्र मोजते आणि फवारा की थांबा ते सांगते. 'कॉटनएस' हे त्या ॲपचे नाव. २०१९ साली गूगलने या कामाला २० लाख डॉलरचे अनुदान दिले. साध्या फोनवर, रेंज नसतानाही चालावे अशी त्याची बांधणी केली आहे. एवढी अक्कल सरकारी ॲप करणाऱ्यांना आली तरी पुष्कळ झाले.

पाठोपाठ राज्य सरकारही निघाले. मे २०२५ मध्ये 'महाविस्तार' ॲप आले, जूनमध्ये मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. पैसा दिसला की विकणारे येतात. गावोगावच्या शेतकरी कंपन्यांनी आम्हाला विचारायला सुरुवात केली आहे, "एआय घ्यायचे का?"

आम्ही तंत्रज्ञानाला नाही म्हणणाऱ्यांतले नाही. पण घ्यायचे का, याच्या आधी आपला धंदा ते घेण्याच्या तयारीत आहे का, हे विचारले पाहिजे. शेती हा धंदा आहे असे आपण सभेत म्हणतो. मग धंद्यासारखी वही कुठे आहे?

हे यंत्र करते काय? मोजणी. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा आकडा यंत्राने शोधलेला नाही. कृषी विद्यापीठे आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था तो कधीपासून सांगत आहेत. एकरी दोन सापळे, पेरणीनंतर दीड महिन्याने. पण शेतात जाऊन पाहा. सापळा अनुदानात मिळाला म्हणून टांगलेला. आतली गोळी महिनाभरापूर्वीच वास सोडून बसली, पिशवी फाटली, मोजणारा कोणी नाही. आता अशा सापळ्याचा फोटो यंत्राला दाखवा. यंत्र सांगेल : पतंग शून्य, फवारणी नको. आणि त्याच वेळी बोंडाच्या आत अळी सरकी खात असेल! यंत्र खोटे बोलले का? नाही. त्याला जे दाखवले तेच त्याने मोजले. म्हणून सापळा रिकामा दिसला तरी शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहिलीच पाहिजेत. दोनात अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली, मोबाईल काहीही म्हणो.

हे आम्ही इतके लावून धरतो ते २०१७ सालामुळे. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस पोखरला. दुकानदाराच्या शब्दावर औषधात औषध मिसळून फवारणी झाली आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारायचे केव्हा आणि कशाने, हा निर्णय चुकला तर माणूस जातो. तो निर्णय उद्या दुकानदाराच्या हातून काढून मोबाईलच्या हातात द्यायचा असेल, तर मोबाईलपर्यंत जाणारी माहिती खरी असली पाहिजे. ती खरी ठेवणारा माणूस शेतातच असतो.

अंधेरीतली कुठलीही नेटकी कंपनी असे यंत्र आणताना आधी पाहते, की आपले पैसे कोणत्या निर्णयात बुडतात. मग त्या निर्णयाचे मागचे कागद काढते आणि काम एका माणसाच्या अंगावर टाकते. आपणही तेच करावे. गट नंबर, पेरणीची तारीख, वाण आणि पाकिटावरचा लॉट नंबर, पाऊस, सापळ्यातले पतंग, प्रत्येक फवारणीचे औषध आणि खर्च, वेचणीची मजुरी, वजन, ओलावा, मिळालेला भाव. शंभर पानी वही पुरते. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागून आपल्याला चार दशके झाली, पण क्विंटलला स्वतःला किती खर्च आला हे वहीतून दाखवणारे घर गावात किती निघेल? बारावी झालेली, हिशेबाला पक्की अशी एखादी मुलगी गावात असतेच. तिला शेतकरी कंपनीने हंगामापुरता पगार द्यावा, फुकटात राबवू नये. एक हंगाम नुसती वही. दुसऱ्या हंगामात अर्ध्या शेतांवर यंत्राचा सल्ला, अर्ध्यांवर आपली रीत, आणि दिवाळीनंतर दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी मांडायचा. फायदा दिसला तर पैसे मोजून घ्या. पतंग बांध ओळखत नाही, तेव्हा एकट्यादुकट्याने घेण्यात अर्थ नाही, शिवारच घेतले पाहिजे.

ज्वारीवाल्यांनी मात्र फार आशा धरू नये. खोडमाशी टाळायला वेळेवर पेरणी हाच अजून मुख्य उपाय आहे, आणि ज्या पिकात बियाणे-औषधवाल्यांचा पैसा नाही त्याच्यासाठी यंत्र घडवायला कोण धावणार?

समोरची बाजू तयारीत आहे. त्याच अंधेरीत, चकाल्याच्या बाजूला, २००३ साली सुरू झालेल्या एमसीएक्स या वायदेबाजाराची कचेरी आहे. तिथे आपोआप चालणाऱ्या संगणकी सौद्यांना परवानगी आहे. वायदेबाजार असावाच, या मताचे आम्ही आहोत. पण तिथे उतरणाऱ्याकडे वर्षानुवर्षांचे भाव, आवक, पाऊस यांची नोंद असते आणि आपल्याकडे आडत्याच्या चिठ्ठ्या, त्याही अर्ध्या हरवलेल्या.

म्हणून वही आपली आणि आपल्याच नावावर राहिली पाहिजे. कोणत्या शिवारात अळी किती, कोणाचे पीक किती येणार, हे दिवाळीआधी ज्याला कळते तो भाव, विमा आणि कर्ज तिन्ही ठिकाणी आपल्या पुढे बसतो. ॲप फुकट मिळते तेव्हा मोबदल्यात काय जाते ते पाहावे. करार करताना शेतकरी कंपनीने मराठीत लिहून घ्यावे : नोंदी आमच्या, आम्हाला न विचारता त्या बियाणेवाल्याला, विमा कंपनीला वा व्यापाऱ्याला द्यायच्या नाहीत, सोडून जाताना सगळ्या नोंदींची प्रत आम्हाला मिळेल, आणि चुकीच्या सल्ल्याने पीक गेले तर भरपाई कोण देणार त्याचे नाव. शेवटच्या कलमाला विकणारा बहुधा अडेल. अडला तर सही करू नये आणि अडल्याचे पुढच्या जिल्हा बैठकीत सांगावे, म्हणजे शेजारच्या तालुक्याला तरी कळेल.