माहेर आणि हळदीकुंकू

मेस्सीसारख्या फुटबॉलपटूलाही गैरहजेरीची शिक्षा झाली! जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लीगच्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्याला तो गेला नाही, म्हणून लीगच्या एका खऱ्या सामन्यात त्याला बंदी. हा न्याय उलटाच म्हणायचा. त्याच वर्षी जानेवारीत रोहित शर्मा मुंबईकडून रणजी सामना खेळला, ते योग्यच झाले. रणजी हे त्याचे माहेर. प्रदर्शनीय सामना म्हणजे मात्र शेजारचे हळदीकुंकू. दमल्या जिवाने एखादे चुकवले तर बिघडले काय? शेणव्याचा एखादा पोरगा आसनगावहून लोकल धरून आवडता खेळाडू पाहायला मुंबईस येतो. त्याची निराशा होऊ नये, हे खरे. पण त्यासाठी तिकिटे विकण्यापूर्वीच नावे नक्की करावीत. सक्तीचे हळदीकुंकू कोणाच्याच कपाळी शोभत नाही!