बंदुकीचे माप

भोपाळच्या एका वाचक भगिनींची कन्या तेथे मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्यास शिकते. आता तिला स्वतःची अर्धस्वयंचलित बंदूक हवी आहे. कोणत्या कंपनीची घ्यावी, असा भगिनींचा प्रश्न आहे. आमच्या मते कंपनी नंतर पाहावी. आधी मुलीचे माप पाहावे.

रायफलीवर नेम जुळविण्यासाठी मागे व पुढे अशा दोन खुणा असतात. छर्ऱ्याच्या बंदुकीला नळीच्या टोकाशी एक मणी, म्हणजे माशी, तेवढी असते. मागची खूण म्हणजे नेम धरणाऱ्याचा डोळाच. तो कोठे यावा हे गालाखालचा दस्ता ठरवितो. शाळेतले समरूप त्रिकोण येथे उपयोगी पडतात. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सुमारे एक वार. म्हणून डोळा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर राहिला तर ४० वारांवर बाराचा मध्य पाच इंच वर जातो. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंचांहूनही कमी! छर्रे पसरत असल्याने एका सुताची चूक पुष्कळदा खपून जाते. दोन-तीन सुतांची खपत नाही.

अर्धस्वयंचलित बंदुकीत चाप दर वेळी ओढावा लागतो, पण पुढचे काडतूस आपोआप नळीत येते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने अशी बंदूक रचली आणि १९०२ मध्ये बेल्जियममधील हर्स्टालच्या कारखान्याशी तिचा करार केला. तिची नळीच धक्क्याने मागे सरकत असे. पुढे नळीतल्या वायूने दट्ट्या ढकलणाऱ्या बंदुका आल्या. त्यांचा धक्का सौम्य लागतो, म्हणून त्या नवशिक्यांना आवडतात.

मेख येथेच आहे. दुनळीचा दस्ता मापाचा नसेल तर ती गालावर चपराक देऊन तसे सांगते. ही बंदूक सांगत नाही. मुलगी नकळत मान ताणते, गाल उचलते, आणि महिनोन्महिने चुकीची सवय मुरत जाते. शिवाय दुनळीचा दस्ता तेलाच्या उष्णतेने वाकविता येतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत पुष्कळदा दस्त्याच्या पोटातून स्प्रिंगची नळी जाते, त्यामुळे तो वाकविणे नाही आणि मनास येईल तसा कापणेही नाही. म्हणून दस्त्याच्या मुळाशी घालावयाच्या चकत्या पेटीत आहेत का, आणि आखूड दस्ता मिळतो का, हे आधी विचारावे. कारखान्याचा दस्ता चापापासून १४ ते साडेचौदा इंचांचा असतो. तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा. मुलीच्या हाती तो खांद्याच्या खोबणीतून दंडावर घसरतो.

दस्ता कोपराच्या वळणात बसवून दाखविण्याची दुकानदारांची रीत आम्हांस पटत नाही. त्याने हात मोजला जातो, मान व गाल नव्हे. त्यापेक्षा बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, शिक्षकांसमोर, रोजच्या पोशाखात, मुलीने डोळे मिटून ती खांद्याला लावावी व मग डोळे उघडावेत. माशी दिसावी, तिच्याखाली नळीवरची पट्टी किंचित दिसावी, आणि नाक व अंगठा यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. तिचा कोणता डोळा प्रबळ आहे हेही पाहावे. डावखुरी असेल तर साध्या बंदुकीतील रिकामी काडतुसे तोंडासमोरून उडतील, हे ध्यानी ठेवावे.

परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा. अर्धस्वयंचलित शस्त्रांचे नियम साध्या दुनळीहून कडक असल्याने ती चौकशी दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच करावी. नंतर त्याच जातीची बंदूक शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळाल्यास १६ वारांवर मोठा कागद लावून, न रेंगाळता, दहा बार काढावेत. येथे एक इंचाचा फरक म्हणजे दस्त्यात अर्धे सूत. ट्रॅपची तबकडी वर चढत जाते, म्हणून बार जरा वर पडला तर तो दोष मानू नये. दोन इंच खाली पडत असेल, तर दस्ता एक सूत उंचवावा लागेल. तेवढी चकती मिळते की नाही, हे पाहून मगच पैसे मोजावेत.