सडपातळ देहांतील मेदयुक्त यकृत

गेल्या नवरात्रांत आमचें लोणारास जाणें झालें. तेथें आमचे वडील आतेबंधु निवृत्त शिक्षक म्हणून राहतात. त्यांस आम्ही लहानपणापासून नाना म्हणत आलों आहों. घर तीन पिढ्यांचें, एका चुलीवरचें, आणि पानांत काय वाढावें याचे नियम आत्याबाईंच्या वेळचे. अष्टमीच्या सकाळीं धारेवरून खालीं उतरून आम्ही कमळजादेवीच्या दर्शनास गेलों. सोबतीस नानांचा धाकटा मुलगा होता. वय चौतीस, अंगानें काटकुळा, दिवसभर कचेरींत खुर्चीवर बसून काम. परत वर चढतांना आमच्याआधीं त्याचाच श्वास लागला. धारेच्या पायऱ्यांवर विसाव्यास बसलों असतां त्यानें मोबाईलमध्यें जपून ठेवलेलें एक तपासणीपत्रक आमच्यापुढें धरलें आणि म्हणाला, "काका, हें नानांना सांगूं नका."

आठ महिन्यांपूर्वी कुशींत दुखूं लागलें म्हणून मुतखड्याच्या शंकेनें त्यानें पोटाची सोनोग्राफी करून घेतली होती. खडा निघाला नाहीं. मात्र पत्रकाच्या तळाशीं 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' अशी एक ओळ होती. ज्या डॉक्टरांनीं तें पाहिलें त्यांनीं "हें हल्लीं सगळ्यांनाच असतें" असें म्हणून परत दिलें. मुलाची चिंता मात्र निराळीच होती. यकृत बिघडण्याचें एकच कारण आपल्या घरांतून ठाऊक असतें, आणि तें उच्चारण्याचीहि चोरी. "नानांना वाटेल, मी बाहेर पितों." ज्यानें मद्याच्या थेंबास कधीं स्पर्श केला नाहीं, त्यानें अपराध्याप्रमाणें हा कागद आठ महिने लपवावा, याचें आम्हांस वाईट वाटलें. त्याहून अधिक भीति वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. रक्तांतील साखर त्यानें अद्याप तपासलीच नव्हती. आणि त्याची आजी, म्हणजे आमच्या आत्याबाई, मधुमेहांत पायाची जखम चिघळून गेल्या, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें होतें.

यकृतावरील मेदाचा आणि मधुमेहाचा संबंध काय, असें त्यानें विचारलें. वाचकांपैकींहि अनेक जण विचारतील, म्हणून तें येथें विस्तारानें सांगतों.

यकृत हें देहाचें कोठीघर आहे. जेवणानंतर रक्तांत आलेली जादा साखर तें सांठवितें आणि रात्रीं, दोन जेवणांच्या मधल्या काळांत, लागेल तशी थोडी थोडी बाहेर देतें. केव्हां द्यावी आणि केव्हां हात आंखडावा, हा हुकूम स्वादुपिंडांतून निघणाऱ्या इन्शुलिनचा असतो. यकृताच्या पेशींत मेद दाटला म्हणजे हा हुकूम मानला जाईनासा होतो. रक्तांत साखर पुरेशी असतांहि कोठीघर ती बाहेर काढीतच राहतें. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडतें. दुर्दैव असें कीं, साखर देणें थांबविण्याचा हुकूम न मानणारें हेंच यकृत जादा साखरेचा मेद करण्याचा हुकूम मात्र मानतें, आणि मेद आणखी वाढतो. तो रक्तावाटे इतरत्र पोंचतो, कांहीं भाग स्वादुपिंडांतहि साचतो, आणि वर्षानुवर्षें जादा काम केलेलें तें इंद्रिय थकतें. उपाशीपोटची साखर १२६ च्या पुढें जाते ती त्या सुमारास. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील प्राध्यापक रॉय टेलर यांनीं २००८ सालीं हें दुहेरी चक्र मांडलें.

लोणारचें सरोवर २०२० च्या जूनमध्यें गुलाबी झालें, तेव्हां वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून तो रंग क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचें सांगितलें. परंतु क्षार कांहीं त्या जूनमध्यें आला नव्हता. या सरोवरांत पाणी येतें, बाहेर जाण्यास उन्हाखेरीज वाट नाहीं. क्षार तळाशीं युगानुयुगें सांठत आला आहे. साखरेच्या पत्रकांतील वाढलेला आंकडा हा असाच उशिरां दिसणारा रंग समजावा. यकृताचें पत्रक तो दिसण्याच्या कितीतरी आधीं हातीं येऊं शकतें. २०२१ सालीं 'गट' या वैद्यकीय नियतकालिकांत ३३ अभ्यासांचा, सुमारे पांच लक्ष लोकांचा, एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मेदयुक्त यकृत असणारांस पुढें मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. प्रत्येकास तो होतोच असें नाहीं, हें खरें. "सगळ्यांनाच असतें" हेंहि पुष्कळसें खरें असेल. पण खेड्यांत सगळ्यांच्याच विहिरींचें पाणी बिघडलें म्हणून तें कोणी पिण्यास योग्य ठरवीत नाहीं. शिवाय सोनोग्राफींत मेद नीट दिसूं लागतो तोच मुळीं यकृताचा सुमारे २० ते ३० टक्के भाग त्यानें व्यापल्यावर. निरोगी यकृतांत हें प्रमाण ५ टक्क्यांच्या आंत असतें. तेव्हां 'ग्रेड वन' ही अगदीं आरंभाची खूण नव्हे.

"पण काका, मी तर लठ्ठ नाहीं," असें तो म्हणाला. हाच समज आमच्या घरांचा घात करीत आला आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन भेद केले: एक जन्मतः येणारा, कृश माणसाचा, दुसरा अपथ्यानें होणारा, स्थूल माणसाचा. अपथ्य करूनहि जो कृशच दिसतो त्याचें काय, याचें उत्तर अलीकडे पुण्यानेंच दिलें आहे. तेथील रास्ता पेठेंतील के.ई.एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं कित्येक वर्षें या विषयावर काम केलें. २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्यांनीं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक, ज्यास बी-एम-आय म्हणतात, दोघांचाहि २२.३. परंतु युडकिन यांच्या देहांत मेद ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांचीहि याज्ञिकांनीं मापें घेतलीं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें सरासरी वजन ३.५ किलो, आपल्यांचें २.७. स्नायु कमी, पोटांतील इंद्रियें लहान, पण त्वचेखालचा मेद मात्र जवळजवळ तेवढाच. म्हणजे बारीक दिसणारें आणि आंतून मेदाळ असें हें शरीर आपण जन्मतःच घेऊन येतों, आणि त्यावर खुर्चीची नोकरी चढते.

मुलाची संमति घेऊन त्याच संध्याकाळीं आम्हीं नानांजवळ गोष्ट काढली. नाना बराच वेळ बोलले नाहींत. मग मुलाकडे न पाहतां म्हणाले, "आठ महिने! मी एवढा वाईट बाप आहें का रे?" मुलगा उठून माडीवर गेला. ही जखम भरण्यास आमच्या लेखणीचा उपयोग नव्हता, म्हणून आम्हीं शिंप्याची फीत मागविली. आपल्या लोकांत पुरुषाचा कंबरेचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा, असा दंडक आहे. थोड्या वेळानें मुलगा खालीं आला. काटकुळ्या म्हणून ज्याची थट्टा होई, त्याचा घेर ९३ भरला. नानांचा ९७. घरांत हंशा झाला, आणि बरें झालें.

मग प्रश्न आला पानाचा. उपवासाचे दिवस, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर गोड दहीं. वहिनी म्हणाल्या, "मग काय, उपास सोडायचे?" आम्हीं म्हटलें, उपवास सोडूं नयेत, साबुदाणा सोडावा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट; तो पोटांत जातांच साखर होतो. त्याऐवजीं ताक, लाल भोपळा, काकडी, मूठभर शेंगदाणे, थोडा राजगिरा. एरव्हींच्या जेवणांत वरण, उसळ आणि भाजी आधीं व पोटभर, भात शेवटीं व थोडा. पोळीऐवजीं एक वेळ ज्वारीची भाकरी, जी या मुलखाची मूळचीच आहे. दिवसांतून पांच वेळां साखरेचा चहा हा आमच्या मतें तुपाहून मोठा अपराधी. तुपास उगाच बदनाम केलें आहे, पण तेंहि चमच्यानें घ्यावें, पळीनें नव्हे. वहिनींस हें सारें पटलें असें म्हणवत नाहीं. चहाच्या बाबतींत तर नानांनींच तोंड फिरविलें.

दसऱ्यानंतर मुलानें मेहकरास जाऊन रक्त दिलें. ज्यास लोक 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात तिचा आंकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा, ६.५ पासून घरांत प्रवेश. यकृतास व्रण पडूं लागले आहेत का, हें पाहण्यास वय, यकृताचीं दोन द्रव्यें आणि रक्तांतील प्लेटलेट यांवरून एक साधें गणित डॉक्टर करतात. तेंहि त्यानें करविलें, तें ठीक निघालें.

उंबरठ्यावरून परततां येतें, याचा पुरावा आहे. टेलर यांनीं २०११ सालीं ११ मधुमेहींस अत्यल्प आहारावर ठेवलें, तेव्हां सात दिवसांत यकृताचा मेद सुमारे ३० टक्के उतरला आणि उपाशीपोटची साखर नेहमीच्या पातळीवर आली. २०२३ च्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगांत तर लठ्ठ नसलेले २० मधुमेही होते. वजन थोडें उतरवून त्यांपैकीं १४ जणांची साखर औषधावांचून मधुमेहाच्या मर्यादेखालीं आली. असा कडक आहार औषधें घेणारांनीं डॉक्टरांस न विचारतां कधींहि करूं नये. सडपातळ माणसास वजनाचे तीन ते पांच टक्के उतरणेंहि यकृतापुरतें उपयोगी पडतें. आमच्या पुतण्याच्या बाबतींत हे दोन-तीन किलो होतात. जोडीस स्नायु वाढविणारा व्यायाम हवा. नमस्कार किंवा जोर-बैठका, आणि चढण.

चढणीची सोय लोणारास आयती आहे. बापलेक रोज पहाटे धारेपर्यंत बरोबर जातात. नानांस गुडघे पुढें परवानगी देत नाहींत. ते पायऱ्यांवर बसून राहतात आणि मुलगा सरोवरापर्यंत उतरून वर येतो. नानांनीं चहा दोन वेळांवर आणल्याचें वहिनींनीं परवां कळविलें आहे. पुढील सोनोग्राफी फाल्गुनांत आहे.