विचारल्याशिवाय गोळी नको : ताठरतेच्या औषधांबाबत नोंदणीकृत फार्मासिस्टांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आम्ही किरकोळ औषध दुकानांत काम करणाऱ्या नोंदणीकृत फार्मासिस्टांची संघटना आहोत. पुरुषांच्या ताठरतेच्या तक्रारीवर दिली जाणारी सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधे रोज आमच्या हातून जातात. औषधे चांगली आहेत. तपासून, योग्य मात्रेत दिली तर बहुतेकांना गुण येतो आणि मोठा त्रास होत नाही. मात्र आज ती ज्या रीतीने लोकांच्या हाती पडतात, ती रीत जिवावर बेतू शकते.

गिऱ्हाईक दुकानापासून चार पावले लांब उभे राहते. गर्दी ओसरली की पुढे येऊन म्हणते, "ती शंभरची द्या, एकच." नाव घेत नाही, चिठ्ठी नसते. चार गोळ्यांच्या स्ट्रिपमधून कात्रीने एक कापली जाते, पुडीत जाते, बिल होत नाही. एक्सपायरीचा मजकूर उरलेल्या तुकड्यावर राहतो आणि इंग्रजीतली बारीक सूचना मधोमध कापली जाते. एवढ्या व्यवहारात कुणी कुणाला काहीच विचारत नाही. विचारायला हवे होते ते हे : छातीत दुखते म्हणून काही गोळी चालू आहे का?

ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, त्यामुळे रक्तदाब थोडा उतरतो. आयसोसॉर्बाइड, नायट्रोग्लिसरीन ही नायट्रेट गटातली औषधेही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस हाती लागत नाही. आपल्याकडे हृदयविकाराच्या कितीतरी रुग्णांच्या खिशात जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी असते. समजा रात्री छातीत कळ आली. घरचे रुग्णालयात नेतात, तिथे डॉक्टर तीच गोळी देतात. बायको-मुले शेजारी उभी असल्याने रुग्ण संध्याकाळी काय घेतले ते सांगत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट टाळावे लागते, हे पुडी घेऊन गेलेल्या माणसाला कुणी सांगितलेलेच नसते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी, बुरशीवरचे काही उपचार, एचआयव्हीवरचे रिटोनाविर चालू असेल तरी मात्रा बदलावी लागते.

कायदा नाही असे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. फार्मसी अधिनियम १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध देऊ नये. या तरतुदी पाळल्या जाव्यात, आमच्या सभासदांच्या दुकानांतही तपासणी व्हावी, असे आम्ही लेखी देतो. पण नुसते छापे घातल्याने गिऱ्हाईक डॉक्टरकडे जाणार नाही. तालुक्याच्या गावात पन्नाशीचा मधुमेही माणूस ही तक्रार कुणाकडे नेणार? घरचा डॉक्टर सगळ्या कुटुंबाला ओळखतो. सरकारी दवाखान्यात टेबलाभोवती दहा माणसे उभी. उरते ते एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेले पत्रक आणि आमचे काउंटर.

म्हणून पहिली आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मागणी दवाखान्याची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होते. तिथे प्रत्येक पुरुष रुग्णाला एकांतात ताठरतेबद्दल विचारावे, कार्डावर नोंद करावी, गरज असेल तर तिथेच चिठ्ठी द्यावी. याला वैद्यकीय कारणही भक्कम आहे. लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की बारीक वाहिन्यांत त्रास आधी दिसतो, आणि हृदयविकार काही वर्षांनी समोर येतो. ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाची साखर, रक्तदाब, चरबी आणि गरजेप्रमाणे ईसीजी तपासला तर पुढचा झटका टाळण्याची संधी मिळते. काउंटरवरून गोळी घेऊन गेलेल्या माणसाची ती संधी जाते. शिवाय गोळी कशी घ्यायची हे कुणी न सांगितल्याने, औषध लागूच पडत नाही म्हणून सोडून देणारेही पुष्कळ असतात. भरपेट तेलकट जेवणानंतर घेतलेले सिल्डेनाफिल उशिरा काम करते. इच्छा आणि स्पर्श यांशिवाय कोणतीही गोळी काम करत नाही. आणि पहिल्या एक-दोन वेळांवरून निष्कर्ष काढायचा नसतो. शंभर मिलिग्रॅम म्हणजे जास्त ताकद, ही समजूत तर सर्रास आहे. सिल्डेनाफिल साधारणपणे पन्नासने, पासष्टी ओलांडलेल्यांना पंचवीसने सुरू करतात, आणि २४ तासांत एकदाच घेतात. लग्न ठरलेली पंचविशीची मुले केवळ भीतीपोटी ही गोळी मागतात. त्यांतल्या बहुतेकांना आधी गोळी नव्हे, अर्धा तास बोलणारा डॉक्टर हवा असतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणाचे 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले ते याच राज्यात. शंभर वर्षे होत आली तरी एवढी साधी सोय आपण केलेली नाही.

दुसरी मागणी काउंटरची. चिठ्ठी असो वा नसो, ही औषधे मागणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे प्रश्न शासनाने मराठीत छापून द्यावेत : नायट्रेट किंवा निकोरँडिल चालू आहे का, अलीकडे झटका किंवा पक्षाघात आला होता का, जिना चढताना छाती भरते का, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या कोणत्या, कधी एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली होती का. इंग्लंडमध्ये २०१८ पासून पन्नास मिलिग्रॅमचे सिल्डेनाफिल चिठ्ठीविना मिळते, पण फार्मासिस्टने असे प्रश्न विचारून योग्य वाटले तरच. आम्हाला चिठ्ठीची अट काढून नको आहे. प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र तिकडून घेण्यासारखी आहे. ते विचारायला काउंटरच्या कडेला पडदा लावता येईल एवढी जागा ठेवणे परवान्याच्या अटींत यावे. गोळीसोबत मराठी पत्रक सक्तीचे करावे. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे याने घाबरू नये. चार तासांवर ताठरता टिकली, नजर किंवा ऐकू येणे अचानक गेले, छातीत दुखले तर तत्काळ रुग्णालय गाठावे आणि घेतलेली गोळी सांगावी, एवढे त्यावर मोठ्या अक्षरांत असावे. याच सिल्डेनाफिलने फुप्फुसांतला वाढलेला रक्तदाब उतरवतात आणि ते लहान बाळांनाही देतात. बाळासाठी ते घ्यायला आलेल्या आईकडे दुकानातले लोक वळून पाहतात. पत्रकात हेही लिहावे.

कापलेली स्ट्रिप बंद करावी आणि कंपन्यांनी एका गोळीचे, पूर्ण मजकूर असलेले पाकीट काढावे. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो या गटातल्या सर्व गोळ्यांना लावण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ साली आला तो मसुदाच राहिला, त्याचाही पाठपुरावा व्हावा.

१०८ च्या रुग्णवाहिकेत आणि प्रत्येक अपघात विभागात नायट्रेट देण्यापूर्वी नातेवाइकांना बाजूला करून 'ताठरतेची गोळी घेतली आहे का' हा प्रश्न विचारण्याची लेखी सूचना काढावी. याला पैसा लागत नाही.

शेवटी चूर्ण, तेल आणि 'जोशवर्धक' कॅप्सूल. औषधे व चमत्कारिक उपाय अधिनियम १९५४ ने लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला बंदी केली, तरी लोकलच्या डब्यापासून मोबाइलपर्यंत त्या सुरू आहेत. 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' म्हणून विकलेल्या अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडले आहे. हृदयरोगी हे आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त घेतो. त्याला विचारले तरी तो 'गोळी घेतली नाही' असेच खरेपणाने सांगेल. प्रशासनाने दर तीन महिन्यांनी बाजारातून नमुने उचलावेत, सिल्डेनाफिल, टाडालाफिल आणि त्यांच्या जवळच्या रसायनांसाठी तपासावेत, आणि दोषी मालाचे नाव व बॅच नंबर मराठी वर्तमानपत्रांत छापावा. लॉजवर खोली घेऊन 'तपासणारे' भोंदू डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ खाली येतात. त्यांच्यावरचे गुन्हे कोर्टात उभे राहावेत.

प्रश्नावलीचा आणि पत्रकाचा मराठी मसुदा सोबत जोडला आहे. तो हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांच्याकडून तपासून घ्यावा. छपाई होईपर्यंत आमचे सभासद तो स्वखर्चाने आपल्या काउंटरवर वापरतील. चर्चेसाठी एका महिन्यात वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
संघटनेची कार्यकारिणी व सभासद